‘पाच मिनिटांसाठी येऊन जा,’ असा पोलीस ठाण्यातून फोन आला तर

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून): वाचक ताई ३६ वर्षांच्या आहेत. एका खासगी कंपनीत त्यांनी सात वर्षं हिशेब सांभाळला आणि आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडली. कंपनीच्या दोन भागीदारांत आता फाटलं आहे आणि एकाने पैशांच्या अपहाराची तक्रार केली आहे. मागच्या आठवड्यात फोन आला: “ठाण्यातून बोलतोय. तुमच्या जुन्या कंपनीच्या मॅटरमध्ये चौकशी आहे, उद्या अकराला येऊन जा. पाच मिनिटांचं काम आहे. सासऱ्यांनाही घेऊन या.” मागोमाग व्हॉट्सॲपवर नोटिशीचा फोटो आला. सासरे ६७ वर्षांचे आहेत आणि तेव्हापासून त्यांना झोप नाही. दोन वर्षांपूर्वी मालकांच्या सांगण्यावरून कंपनीचे ८५ हजार रुपये सासऱ्यांच्या खात्यात घेतले आणि दुसऱ्या दिवशी रोख काढून मालकांना दिले, एवढाच त्यांचा संबंध. यजमान म्हणतात, फोन उचलूच नकोस. दीर म्हणतात, ओळखीच्या माणसाकडून मिटवून टाकू. ताईंना वाटतं की आपण काही केलेलं नाही, तर सरळ जावं आणि सगळं खरं सांगून मोकळं व्हावं. वकील नेला तर “खाई त्याला खवखवे” असं तर होणार नाही ना, हा त्यांचा प्रश्न.

ताई, ८५ हजारांची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिली आहे. ठाण्यात मात्र चर्चेची सुरुवात बहुधा तिथूनच होईल. तुम्हाला त्या रकमेचा आगापिछा माहीत आहे. समोरच्या तपासी अंमलदाराकडे फक्त खातेउतारा असणार: कंपनीच्या खात्यातून हिशेबनीस बाईंच्या सासऱ्यांच्या खात्यात रक्कम, दुसऱ्या दिवशी रोख काढली. मालकांना ती दिल्याचा कागद तुमच्याकडे आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. “सगळं खरं सांगून मोकळं व्हावं” यात तुम्ही धरून चालला आहात की तुम्ही सांगाल तेच लिहिलं जाईल आणि लिहिलेलं वाचणाऱ्याला तुमच्यासारखंच समजेल. या दोन्ही गोष्टी आपोआप होत नाहीत. खरं सांगायचंच आहे, पण कोणत्या टप्प्यावर, कोणत्या नात्याने आणि कोणते कागद हाताशी ठेवून, हे आधी ठरवायला हवं.

त्याआधी फोन खरा होता का ते बघा. फोन करणाऱ्याचं नाव, हुद्दा, ठाणं आणि अर्जाचा किंवा गुन्ह्याचा क्रमांक विचारून लिहून घ्या. मग त्याच नंबरवर उलट फोन न करता राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावरून ठाण्याचा दूरध्वनी काढा आणि ठाणे अंमलदाराला विचारा, या नावाचे हवालदार तुमच्याकडे आहेत का, असा अर्ज त्यांच्याकडे आहे का. खऱ्या पोलिसाला याचा राग येण्याचं कारण नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेश दाखवून “कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणाला सांगू नका, पडताळणीसाठी पैसे भरा” असं कोणी म्हणालं, तर ते पोलीस नव्हेतच. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कुठलीही तरतूद कायद्यात नाही. फोन ठेवायचा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवायचं. तुमच्या बाबतीत जुन्या कंपनीचा नेमका उल्लेख आहे, त्यामुळे फोन खरा असण्याचीच शक्यता जास्त.

आता मुद्द्याचं. फोनवर नुसतं “चौकशी आहे” म्हणतात, तेव्हा तुमचं स्थान तीनपैकी एक असतं.

पहिलं, अर्ज चौकशी. कोणीतरी तक्रार अर्ज दिला आहे, गुन्हा अजून दाखल नाही. दखलपात्र (पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात असा) गुन्हा दिसला की एफआयआर नोंदवायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितलं. पण आर्थिक व्यवहारांच्या तक्रारींत आधी प्राथमिक चौकशी करायची मुभाही तिथेच दिली. दुसरं, साक्षीदार. गुन्हा दाखल आहे आणि तुम्हाला त्यातलं काही माहीत असेल असं पोलिसांना वाटतं. यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो (पुढे कायद्याचं नाव न घेता नुसतं कलम म्हटलं, तर ते याच संहितेचं). तिसरं, संशयित. तुमच्याविरुद्ध तक्रार किंवा वाजवी संशय आहे, पण लगेच अटकेची गरज नाही. अशा वेळी कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच कलमं अनुक्रमे १६० आणि ४१-अ होती. १ जुलै २०२४ पासून क्रमांक बदलले, तरी ठाण्यात बोलताना अजून जुनेच ऐकू येतात, म्हणून दोन्ही ध्यानात ठेवा.

अर्ज चौकशीत हजेरीची १७९ ची सक्ती लागत नाही, कारण ते कलम तपासाशी बांधलेलं आहे आणि तपास गुन्हा दाखल झाल्यावर सुरू होतो. तरीही माझं मत असं की अर्ज चौकशीला पाठ फिरवू नये. नाहीतर कागदावर फक्त अर्जदाराची बाजू राहते आणि गुन्हा नोंदवायचा की अर्ज दप्तरी दाखल करायचा, म्हणजे कारवाईविना बंद करायचा, हे तेवढ्यावरच ठरतं. ३५(३) च्या नोटिशीचं पालन मात्र बंधनकारक आहे. ते तुम्ही करत राहिलात, तर कारणं लिहून ठेवल्याशिवाय त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. पालन केलं नाही तर अटकेचा रस्ता मोकळा होतो. यजमानांना हे जरूर वाचून दाखवा. फोन न उचलून हे सगळं टळत नाही, उलट “संशयित सहकार्य करत नाही” ही ओळ तपासाच्या कागदांत जाते आणि पुढे जामिनाच्या वेळी सरकारी वकील तीच वाचतात.

एक उलटीही शक्यता आहे. आज साक्षीदार म्हणून बोलावलेल्या माणसाचं नाव उद्या आरोपींत येऊ शकतं. “तुम्ही फक्त साक्षीदार आहात हो” हे सांगणाऱ्याच्या बाजूने त्या दिवसापुरतं खरंही असेल, पण कागद जमत गेले की चित्र बदलतं. हवालदाराचा आवाज गोड आहे की खडा, यावरून पुढचा अंदाज बांधू नका. “पाच मिनिटं येऊन जा” यात दर वेळी डाव असतो असंही नाही. एकेका अंमलदाराकडे अर्जांचा गठ्ठा असतो, वर बंदोबस्त असतो, आणि लेखी नोटीस काढून घरी बजावण्यापेक्षा फोन सोपा पडतो. त्यांची सोय त्यांच्या जागी ठीक आहे, पण तुमची सोय लेखी कागदात आहे.

व्हॉट्सॲपवरच्या फोटोबद्दल. कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲप किंवा अशा इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावता येणार नाही, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये दिला. साक्षीदाराच्या १७९ च्या नोटिशीलाही ठरवून दिलेलीच पद्धत लागू केली. त्यात बदल करून मागणारा हरियाणा सरकारचा अर्ज जुलै २०२५ मध्ये फेटाळला गेला. म्हणजे तो फोटो रीतसर बजावणी नव्हे. पण म्हणून दुर्लक्ष करायचं किंवा हवालदाराला निकाल ऐकवत बसायचं, यातलं काहीच उपयोगाचं नाही. फोटो उघडून कलम कोणतं लिहिलंय ते बघा, कारण तुमचं स्थान तिथेच कळतं. मग त्याच नंबरवर एवढंच लिहा:

“आपला फोन व संदेश मिळाला. मी सहकार्य करण्यास तयार आहे. मला कोणत्या अर्ज अथवा गुन्हा क्रमांकात, कोणत्या कलमाखाली व कोणत्या नात्याने बोलावले आहे, याची लेखी नोटीस माझ्या खालील पत्त्यावर बजावावी. जुने हिशेब पाहण्यासाठी मला सात दिवसांची मुदत मिळावी. माझे सासरे ६७ वर्षांचे असून त्यांचा जबाब आवश्यक असल्यास कृपया घरी नोंदवावा.”

हाच मजकूर कागदावर दोन प्रतींत काढा, एक प्रत ठाण्याच्या बारनिशीत (टपाल स्वीकारतात त्या टेबलावर) द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व सही घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर रजिस्टर्ड पोस्टाने वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे पाठवा.

सासऱ्यांचं वाक्य त्यात मुद्दाम घातलं आहे. कलम १७९ नुसार १५ वर्षांखालील किंवा ६० वर्षांवरील पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून राहत्या घराशिवाय दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही. स्वतःच्या इच्छेने ठाण्यात जायचं असेल तर नव्या कायद्याने तशी मोकळीक ठेवली आहे. सासऱ्यांचा जबाब घरी होऊ द्या, त्यांच्या तब्येतीला तेच बरं. तुम्ही साक्षीदार असाल तर तुम्हालाही हा हक्क आहे. मात्र घरी पोलीस आले की अख्ख्या इमारतीत चर्चा होते, म्हणून काही जणी दिवसाउजेडी ठाण्यात जाणंच पसंत करतात, आणि त्यात गैर काही नाही. फक्त एक फरक नीट समजून घ्या. घरी जबाब देण्याची ही सवलत साक्षीदाराला आहे, ३५(३) ची नोटीस आलेल्याला नाही. ती नोटीस हातात असताना “मी स्त्री आहे, घरी या” म्हणून बसलं तर पालन न केल्याचा ठपका येतो.

वकिलाचं म्हणाल, तर “खाई त्याला खवखवे” ही म्हण ठाण्यापेक्षा आपल्या नातेवाइकांतच जास्त चालते. तपासी अंमलदारांना वकील रोजचेच असतात. आणि तुमच्या बाबतीत तर वकील पहिल्या दिवसापासून हवाच, तो ८५ हजारांमुळे. नोकराने मालकाच्या रकमेचा अपहार केला, असा आरोप आला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(४) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फौजदारी काम करणारा वकील बघा. घराचे कागद करून देणारे ओळखीचे वकील यात फारसे कामी येत नाहीत. खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांचा मदत क्रमांक १५१०० आहे. जबाब चालू असताना वकिलाला शेजारी बसू देतीलच असं नाही. कलम ३८ मध्ये अटक झालेल्या व्यक्तीला चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, आणि तोही पूर्ण वेळ हजेरीचा नाही. पण जायच्या आदल्या दिवशी वकिलासमोर बसून सगळे कागद एकदा लावून घेतले, तर निम्मं काम तिथेच होतं.

कागद म्हणजे काय, तर नेमणूकपत्र, राजीनामा आणि तो मंजूर झाल्याचं पत्र किंवा मेल, तुमच्या कामाची व्याप्ती आणि चेकवर सह्या कोणाच्या होत्या हे दाखवणारं काही, दोन्ही खात्यांचे त्या महिन्याचे उतारे, आणि ८५ हजारांबद्दल मालकांचा एखादा मेसेज. झेरॉक्स द्या, मूळ प्रती जवळ ठेवा, आणि दिलेल्या कागदांची यादी करून त्यावर पोच घ्या. जुने व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका, अगदी अवघडवणारे असले तरीही. पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा ठरतो, आणि पुसलेला मेसेज समोरच्याच्या फोनमध्ये असतोच. जुन्या सहकाऱ्यांना फोन करून “तू काय सांगणार आहेस” हेही विचारू नका. वकिलांना पटलं तर या कागदांसह तुमचं लेखी म्हणणं तयार करून द्या. तोंडी जबाबाआधी ते दाखल झालं की पुढचे प्रश्न त्याला धरून येतात.

आता प्रत्यक्ष जबाब. लोक सर्वांत जास्त इथे फसतात, आणि तेही बहुतेक वेळा कोणी मुद्दाम फसवत नसताना. तुम्ही बोलता, अंमलदार ऐकतो आणि संगणकावर स्वतःच्या साच्यात लिहितो: “समक्ष विचारलेवरून जबाब देते की...” पुढची वाक्यं तुमच्या नावाने, पण त्याच्या शब्दांत. तुम्ही म्हणालात, “साहेबांनी सांगितलं म्हणून पप्पांच्या खात्यात घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना नेऊन दिले.” कागदावर येतं, “मी सदरची रक्कम माझे सासरे यांचे खात्यावर वर्ग केली व रोखीने काढून घेतली.” एकही शब्द खोटा नाही, पण कोणी सांगितलं आणि पैसे कोणाकडे गेले हे दोन्ही गळालं. दुसरी नेहमीची जागा म्हणजे काळ. “मला नंतर कळलं” याचं “मला माहीत होते” होऊन जातं. तिसरी म्हणजे आधीच्या साक्षीदाराच्या जबाबातला परिच्छेद कॉपी होऊन तुमच्या तोंडी येतो आणि तुम्ही कधी न पाहिलेली गोष्ट पाहिल्याचं सांगता.

त्यामुळे लहान वाक्यांत बोला आणि प्रत्येक वाक्यात कोणी सांगितलं, कोणी केलं, तुम्हाला कसं माहीत, हे येऊ द्या. तारीख, रक्कम अंदाजाने सांगू नका. “कागद पाहून सांगते” हे पूर्ण उत्तर आहे. खरोखर आठवत नसेल तर “आठवत नाही” म्हणा, पण आठवत असलेल्या गोष्टीला तसं म्हणू नका. “मालकांनी कशासाठी तसं केलं असेल?” अशा प्रश्नावर तर्क लढवू नका. शांतता ठेवून अंमलदार नुसता बघत राहिला, तर ती पोकळी भरायला बोलत सुटू नका.

सही करण्यापूर्वी सगळं वाचा. शेवटी “वरील जबाब संगणकावर टंकलिखित केला असून तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे” अशी ओळ असते आणि ती खरी असली पाहिजे. चूक दिसली तर तिथेच दुरुस्ती करून नवी प्रत काढायला सांगा. “नंतर बदलू” म्हणाले तर थांबा, पण नीट आवाजात. गुन्हा दाखल झाल्यानंतर तपासात घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, असं कलम १८१ सांगतं. अर्ज चौकशीतल्या जबाबावर मात्र सही घेतात. जिथे सही कराल तिथे तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने घाला, कोऱ्या जागेवर रेघ मारा. कोऱ्या कागदावर सही कोणत्याच कारणासाठी नाही. आल्याची आणि गेल्याची वेळ घरी कोणाला तरी मेसेज करून ठेवा. ठाण्यांत सीसीटीव्ही असावेत आणि चित्रण १८ महिने ठेवावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे, वाद झाला तर वेळेची नोंद तिथे कामी येते. (ठाण्यात मोबाइलवर चित्रीकरण करणं हा शासकीय गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. तरी मोबाइल उगारून आत शिरू नका. बोलणं तिथेच तुटतं.)

गप्प राहण्याचा हक्क आणि खोटं बोलणं यांची गल्लत करू नका. कलम १८० खाली विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यायला माणूस बांधील असतो, पण ज्या उत्तराने तो स्वतःच आरोपात अडकेल ते उत्तर त्यातून वगळलं आहे. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडू नये, हे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चं संरक्षण पोलीस चौकशीलाही लागू पडतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या नंदिनी सत्पथी निकालापासून ठरलेलं आहे. “याचं उत्तर वकिलांशी बोलून लेखी देते” असं म्हणता येतं. ८५ हजारांच्या प्रश्नावर नेमकं काय करायचं, म्हणजे लेखी म्हणण्यात स्वतःहून मांडायचं की विचारल्यावरच बोलायचं, हे वकिलाने कागद पाहून ठरवावं. मालकांचा मेसेज असेल तर माझा कल स्वतःहून मांडण्याकडे आहे. “पैसे कधी घेतलेच नाहीत” असं मात्र कदापि म्हणू नका, कारण खातेउतारा त्यांच्याकडे आहे.

दिरांच्या सल्ल्यात मला सर्वांत जास्त धोका दिसतो. ओळखीतून मिटवायला गेलं की बोलणी बहुधा एका कागदावर येऊन थांबतात: “मी अमुक रक्कम अमुक तारखेपर्यंत परत करीन.” कधी हे ठाण्यातच सुचवलं जातं, “पैसे भरा, अर्ज निकाली काढतो.” पोलिसाजवळ दिलेली कबुली भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे खरं. पण तक्रारदाराच्या नावे लिहून दिलेला कागद म्हणजे पोलिसाजवळची कबुली नव्हे. तो पुढे फौजदारी आणि दिवाणी, दोन्हीकडे तुमच्यासमोर ठेवला जाऊ शकतो. वसुली करून देणं हे ठाण्याचं कामही नाही. तडजोड करायचीच झाली तर ती वकिलामार्फत, कबुलीचा एकही शब्द न येऊ देता. आणि ओळखीच्या माणसाला ‘चहापाण्याचे’ म्हणून दिलेले पैसे हा स्वतंत्र गुन्हा होऊन बसतो.

फोन मागितला तर? “जरा बघू” म्हणून अनलॉक करून हातात देऊ नका. तपासासाठी तो हवा असेल तर रीतसर जप्ती पंचनामा होतो, त्यात फोनचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक हँडसेटचा स्वतंत्र ओळख क्रमांक) येतो आणि प्रत मागता येते. पासवर्डचा प्रश्न आला की वकिलांना फोन.

अटकेची भीती तुम्ही पत्रात स्पष्ट लिहिलेली नाही, पण ओळींमध्ये ती दिसते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही, ती का गरजेची आहे हे लिहावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालाने २०१४ मध्ये हे घट्ट केलं. गुन्हा दाखल झाला आहे का, हे महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआरमध्ये ठाणं आणि तारीख टाकून बघता येतं. संवेदनशील गुन्हे तिथे नसतात, पण तुमचं प्रकरण त्यात मोडत नाही. त्यात तुमचं नाव आरोपी म्हणून दिसलं, तर ठाण्यात जाण्यापूर्वी कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा विचार वकिलांशी बोलून त्याच दिवशी करा. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची नाही, अपवाद करायचा तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी लेखी परवानगी लागते. अटकेची कारणं समजेल अशा भाषेत लेखी द्यावी लागतात, नातेवाइकाला कळवावं लागतं आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं.

जबाब झाला, नंतर काहीच कळलं नाही, असं पुष्कळदा होतं. तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवण्याचं बंधन पोलिसांवर आहे, पण ते फिर्यादी आणि पीडिताच्या बाबतीत. तुम्हाला स्वतःहून कोणी कळवणार नाही. महिनाभर थांबून अर्ज क्रमांकासह वरिष्ठ निरीक्षकांना लेखी विचारा की अर्ज दप्तरी दाखल झाला, गुन्ह्यात वर्ग झाला की प्रलंबित आहे. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात तोच प्रश्न टाका, उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. अर्ज दप्तरी दाखल झाल्याचं उत्तर आलं, तरी जबाबाच्या आणि कागदांच्या पोच टाकून देऊ नका. भागीदारांतलं भांडण मिटलेलं नाही, आणि दुसरा भागीदार अजून ठाण्यात गेलेला नाही.